डामरनं घास घेतला नाही

आमच्या कॉलनीत हल्ली घरोघरी कुत्री झाली आहेत, आणि मी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे ही बातमी सगळ्या गल्लीला लागलेली आहे. सकाळी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच कुणीतरी फाटकाशी उभं. "काका, आमचा ब्राउनी कालपासून जेवत नाही हो." चेहरा असा, की घरातलं माणूस अत्यवस्थ आहे. मी विचारतो, "खात नाही, की त्याला खाता येत नाही?" समोरचा गोंधळतो, मी वैतागतो, आणि आतून आमची ही ओरडते की लोकांवर खेकसू नका.

अहो, साधी गोष्ट आहे. ताटली पुढे ठेवा आणि लांब उभे राहून बघा. मान फिरवून कुत्रं कोपऱ्यात जाऊन पडलं, तर दुखणं पोटात किंवा अंगात आहे. ताप असेल, जंत असतील, गोचिडांनी रक्त नासवलं असेल, काहीतरी सडकं हुंगून गिळलं असेल. एखादा दिवस राहू द्या उपाशी, पाणी मात्र भरून ठेवा. गवत खाऊन ओकलं तर ओकू द्या, त्याचं औषध त्याला कळतं. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या, डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र माझ्या फाटकाशी वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. पण कुत्रं शेपूट हलवत धावत आलं, वास घेतला, तोंड खाली नेलं आणि कळवळून मागे सरलं, तर भूक शाबूत आहे. दुखणं तोंडात आहे. मग तोंड उघडून बघायचं. आणि उघडण्याआधी विचारायचं, की जबडा लोंबतोय का, आवाज बदललाय का, घरच्या माणसावर गुरगुरतंय का. यातल्या एकालाही 'हो' आलं तर हात पाठीमागे. घशात हाड अडकलंय असं समजून पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत. पुढचं सांगत नाही, दिवाळीचा अंक आहे.

एवढं सांगून मी लोकांना वाटेला लावतो. डामरची गोष्ट मात्र कुणाला सांगत नाही. संपादकांनी दवाखान्यातल्या गमती मागितल्या होत्या. गमती माझ्याजवळ थोड्या आहेत, त्यांतली एक सांगून टाकतो आणि मग डामरकडे येतो.

आज ज्याला वाशिम जिल्हा म्हणतात तो तेव्हा अकोल्यात होता. मी कारंज्याच्या गुरांच्या दवाखान्यात हाताखालचा माणूस म्हणून लागलो तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, आणि पुढे एका सकाळी उठलो तर मुंबई राज्यात. बैलांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांची खुरकूत तीच, खांदे सुजायचे तेच. दवाखान्यात यायची ती बैल, गाई, म्हशी. कुत्रं घेऊन कुणी यायचं नाही. कुत्र्याला औषध द्यायचं म्हणजे लोकांना हसू यायचं. "डाक्तर, उद्या कोंबड्याईचे दात पाहान काय?" असं मला भर बाजारात ऐकवलेलं आहे.

तरी धान्याच्या बाजारातले एक अडते शेठजी मला घरी घेऊन गेले. त्यांचा पांढरा झिपरा कुत्रा ताटाला तोंड लावत नव्हता आणि शेठाणीनं डोळ्यांतून पाणी काढलं होतं. मी ताप पाहिला, पोट चाचपलं. पोट म्हणजे नुसता नगारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कुत्र्याच्या मागे मागे फिरलो. हॉटेलवाल्यानं जिलबी टाकली, पलीकडच्या दुकानात गाठीशेव, पुढे मुनीमजींनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी. साहेब घरी परतले ते तृप्त होऊन आडवे झाले. अडतीच्या अंगणात मूग-उडीद पाखडणाऱ्या बाया माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरकारी माणूस कुत्र्याच्या मागे फिरतो आहे, हसतील नाही तर काय!

त्या हसणाऱ्या बायांत वच्छला होती. हे मला नंतर कळलं.

भाद्रपद होता, पितरांचा पंधरवडा चालू होता. दुपारी दवाखान्यात शांतता होती, मी बाटल्या पुसत बसलो होतो. एक तिशीतली बाई दाराशी आली. अंगावर नवं कोरं लुगडं, त्याची घडीही मोडलेली नव्हती, आणि पाय मात्र धुळीनं भरलेले. धनजकडच्या बाजूला एक खेडं आहे, तिथून ती चालत आली होती.

"डाक्तरभाऊ, तुमी त्या शेठच्या कुत्र्याले पाह्यलं होतं ना? आमचं पाहान का? खात नाई थो."

"खात नाई का खाता येत नाई?"

आयुष्यात या प्रश्नाला पहिल्यांदा कुणी नीट उत्तर दिलं. "येत नाई," ती म्हणाली. "मन होते त्याचं. लाळ गळते. पन तोंड लावलं का कुईकुई करते अन् मांगं सरते. पंजानं गाल खाजवत राह्यते."

"मंग घेऊन या त्याले इकडं."

"आनता येत असतं तं आनलं नसतं?" असं म्हणून ती पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती एकदाही रडली नाही. मी त्या दिवशी तिच्याकडून ऐकलं ते आता माझ्या शब्दांत लिहितो.

वच्छलेला नवऱ्यानं सोडलेलं होतं. ती माहेरी बापाजवळ राहिली. बापाला सगळे आबाजी म्हणत. आबाजीला घशाचा रोग झाला, तेव्हा त्याचं सगळं तिनंच केलं. हा डामर आबाजीचा कुत्रा. काळाकुट्ट, आणि तो पिल्लू होता तेव्हा कारंज्याच्या रस्त्यावर पहिल्यांदा डांबर पडत होतं, म्हणून डामर. आबाजी जेवायला बसला की शेवटचा घास डामरचा. शेवटी शेवटी आबाजीच्या घशाखाली काहीच उतरेना, तेव्हा अख्खं ताटच डामरपुढे जायचं. आबाजी गेला, आणि वर्ष व्हायच्या आत भावानं, गजाननानं, बहिणीला कारंज्यात एक खोली पाहून दिली. तो दुष्ट नव्हता. त्याची मुलगी लग्नाला आली होती, पाहायला पाहुणे यायचे, आणि घरात सोडलेली आत्या दिसली की चहा पिऊन उठायचे. वच्छला बाजारात धान्य पाखडू लागली.

यंदा आबाजीची पहिली पितरं होती. आमच्याकडे पितरांच्या जेवणातलं कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं पान वेगळं काढतात. वडे, कढी, खीर, गवारीची भाजी, सगळं आबाजीच्या आवडीचं. कावळ्यानं झडप घातली. गाईनं पान चाटून पुसून खाल्लं. डामरपुढे पान ठेवलं, तो धावत आला, वड्याला तोंड लावलं, आणि ओरडून मागे सरला. जाऊन ओसरीतल्या त्या खांबाशी बसला, जिथे आबाजी बसायचा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गावातली म्हातारी माणसं येऊन बसली. आबाजी रुसला, यात कुणाला शंका उरली नाही. का रुसला, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीला घराबाहेर काढलं म्हणून.

गजानन हादरला. बैलांची दमणी जुंपून स्वतः कारंज्याला आला, बहिणीला नवं लुगडं नेसवलं आणि घरी नेलं. आबाजीच्या खांबापुढे हात जोडून म्हणाला, "आबाजी, वच्छी आता ह्याच घरात राहीन. तुमी फकत घास घ्या." म्हाताऱ्यांनी ठरवलं, की सर्वपित्री अमावास्येला पुन्हा पान ठेवायचं. डामरनं ते घेतलं की आबाजी राजी झाला आणि वच्छी घरात कायमची.

"अन् नाई घेतलं तं?" मी विचारलं.

"वयनी आत्तापासूनच म्हनून राह्यली, वच्छी आली तरी खात नाई, म्हंजे आबाजीचा राग दुसराच कायचा तरी हाये."

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. दवाखान्याचा माणूस ओसरीवर बसून कुत्र्याचं तोंड उघडतो, असं दिसलं असतं तर पितरंबितरं सगळं तिथंच संपलं असतं. दुखणं होतं म्हणे कुत्र्याला! मग लेकीला घरात ठेवायचं कारण काय? म्हणून ती मला म्हणाली, खोलीतलं सामान न्यायचं निमित्त करून आली आहे, आणि मी गुपचूप यावं.

त्या भागात खुरकुतीचे बैल मला पाहायचेच होते. दुसऱ्या दिवशी सायकल काढली. गावाबाहेर त्यांचा मळा होता, विहिरीजवळ गवताची खोप होती, तिथे ती डामरला घेऊन बसली होती. कुत्रं म्हणजे नुसता सापळा. फासळ्या मोजता याव्यात, केस उभे राहिलेले, हनुवटीखाली लाळेनं माती चिकटलेली. मला बघून त्यानं शेपूट हलवायला सुरुवात केली, ती मध्येच सोडून दिली. मी लांबूनच आधी सगळं विचारलं. जबडा घट्ट मिटत होता, पाणी जिभेच्या कडेनं का होईना पीत होता, आवाज तोच होता, तिला ओळखत होता. तरी खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात सुया, आणि त्या घ्यायलाही लांब जायचं. आणि ही बाई आठवडाभर त्याची लाळ आपल्या हातांनी पुसत होती.

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी कापडाच्या दोन पट्ट्या काढल्या, एक वरच्या सुळ्यांमागे अडकवली, एक खालच्या, आणि जबडा फाकवला. वास असा आला की मला मान वळवावी लागली. वर टाळूवर, या दाढेपासून त्या दाढेपर्यंत आडवं, पऱ्हाटीचं काडूक बसलं होतं. कापसाची वाळकी झाडं आमच्याकडे सरपणाला रचून ठेवतात, कुत्री त्यातली कांडकी चघळत बसतात. एक कांडकं मोडून दाढांच्या मध्ये पाचरीसारखं ठोकलं गेलं होतं आणि टाळूच्या मांसात रुतलं होतं. दोन्ही बाजूंनी पू. जीभ वर नेली की टोचत असणार. चिमटा लावला की निघण्यासारखं होतं.

मी चिमटा हातात घेतला आणि थांबलो. सर्वपित्री अगदी तोंडावर आली होती. कुत्रं पाणी पीत होतं, तेवढं तगलं असतं.

"बाई," मी म्हटलं, "माह्यं ऐका. आज नाई काढत. अमावास्येच्या सकाळी येतो, इथंच काढतो. घरी न्या, पानापुढं उभा करा. अख्खं पान फस्त करन. सगळ्याईच्या डोळ्यांदेखत. मंग तुमाले कोन काढते घरातून?"

ती बराच वेळ डामरच्या कानामागे खाजवत राहिली. मला वाटलं, पटलं.

"आबाजीले शेवटी शेवटी पानी बी उतरत नव्हतं," ती म्हणाली. "मी वाटी घेऊन बसो. थे तोंड उघडत अन् मिटत. भूक होती हो त्याहीले. लोकाईले वाटे, म्हाताऱ्याची इच्छा गेली. इच्छा नव्हती गेली. माह्याकडं पाहात राहत नुसते. डाक्तरभाऊ, मले पुन्हा नाई पाह्यवत थे. काढा."

"मंग तुमचं काय?"

"माह्यं पाहू पुढं. काढा तुमी."

मी काढलं. डामरनं मला चावा घ्यायला हवा होता, कुणीही घेतला असता. त्यानं फक्त एक लांब आवाज काढला. लाल औषधाच्या पाण्यानं तोंड धुतलं, टाळूला औषध लावलं. मग तो उठून विहिरीच्या थाळ्यापाशी गेला आणि इतका वेळ पाणी पीत राहिला, की शेवटी तिनं त्याला ओढून आणलं. मी सांगितलं, की दोन-तीन दिवस पेज, ताकभात, मऊ काहीतरी, कडक भाकर नको. तिनं काडूक पदरात बांधलं.

आम्ही दोघांनी मिळून बेत केला. डामरला अमावास्येपर्यंत खोपीत बांधून ठेवायचं, इथंच पेज पाजायची, घरी म्हणायचं अजून खात नाही. बेत चांगला होता. मी सायकलवर बसून परतताना चक्क शीळ घालत होतो. आपण गुरांची अवलाद सुधारतो, आज एका बाईचं घर वसवलं, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

दोनच दिवसांनी मी धान्याच्या बाजारातून जात होतो. अडतीच्या अंगणात ती उडीद पाखडत बसली होती. अंगावर जुनं लुगडं. मी सायकल टाकून तिच्यापाशी गेलो.

ती पेज करायला घरी गेली, आणि मागे डामरनं दोर कुरतडला. मीच मोकळे करून दिलेले दात त्यानं आधी दोरावर चालवले आणि धावत घर गाठलं. परसदारी भावजय म्हशीला शिळी भाकर टाकत होती. डामरनं ती पाटीतून उचलली आणि चावायलाही न थांबता गिळली. भावजय किंचाळली. गजानन आला, शेजारपाजार आला. भावजयीनं दुसरा तुकडा पुढे केला, डामरनं तिच्या हातातून घेतला. तिसरा घेतला. गावभर झालं, आबाजी राजी झाला. सुनेच्या हातचं घेतलं! लेक आठवडाभर वाटी घेऊन बसली, तिच्या हातचं नाही घेतलं, सुनेच्या हातचं घेतलं.

"दादा काई वाकडं नाई बोलला," वच्छला म्हणाली. सूप हलायचं थांबलं नव्हतं. "म्हने, वच्छे, आता झालं सगळं चांगलं. तुह्या कामाचा खाडा कायले करतं उगी? पोरीले पाहाले पाव्हने येऊन राह्यले. दमणीनं आनून सोडलं त्यानं. वयनीनं वडे बांधून देल्ले."

माझं डोकंच फिरलं. "अन् तुमी काडी दाखवली नाई? आत्ता चला. मी येतो संगं. सांगतो त्या गजाननले, कुठचा आबाजी अन् कुठचं काय, हे पाहा पऱ्हाटीचं कांडकं!"

"कायले?" ती म्हणाली. "मंग तं आबाजी रुसलेच नव्हते असं होईन. माह्यासाठी कोनी रुसलंच नव्हतं. आत्ता गावात निदान एवढं तं म्हनतेत, का म्हाताऱ्याचा जीव लेकीसाठी अडकला होता."

"पन काडीच होती ना, बाई! तुमी डोळ्यानं पाह्यली."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "काडी होतीच. थो वर्सभर काड्या चघळते, डाक्तरभाऊ. मंग पितराच्याच दिवशी काहून अडकली? सांगा."

खुरकूत कशानं होते ते मला सांगता येतं. गोचीड कुठे लपते ते सांगता येतं. मी सायकल उचलली आणि दवाखान्यात येऊन बाटल्या पुन्हा पुसल्या. आजही कधी जेवताना घास हातात राहतो आणि मी मनात त्या दोराच्या जागी साखळी घालून बघतो. लोखंडी साखळी दवाखान्यात पडलेली होती. न्यायचं सुचलं नाही, एवढंच. सुचलं असतं तर कदाचित त्या बाईचं आयुष्य वेगळं झालं असतं, आणि कदाचित पुढच्या पितरांना आणखी काही निघालं असतं. कोण जाणे.

सर्वपित्रीच्या सकाळी मी मुद्दामच तिच्या खोलीवरून गेलो. खोली कसली, एका चाळीच्या टोकाची पडवी. दारापुढची जमीन तिनं शेणानं सारवली होती आणि मध्ये पळसाची पत्रावळ ठेवली होती. एक वडा, वाटीभर कढी, थोडी खीर. भाऊ असताना लेकीनं पितर घालायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती दारात उकिडवी बसली होती. मी रस्त्याच्या कडेला थांबलो, तिनं नुसती मान हलवली.

बाजारातलं एक बेवारशी कुत्रं आलं. एक कान फाटका, अंगाला खरूज. इकडेतिकडे पाहिलं, आणि वडा, खीर, कढी, सगळं गपागपा खाऊन टाकलं. पत्रावळ चाटली, उलटी करून पुन्हा चाटली, आणि निघून गेलं.

"काईच टाकलं नाई," ती म्हणाली.

"नाई टाकलं."

"ह्याच्या तोंडात तं काडीबिडी नव्हती ना? तुमी पाह्यलं ना नीट?"

"नव्हती."

"मंग घेतलं म्हना आबाजीनं."

बाजारातली कुत्री का खातात, हे मी झोपेत सांगू शकेन. भूक असते म्हणून खातात, आणि दुसरं कुणी येऊन नेईल म्हणून घाईनं खातात. त्या शेठच्या कुत्र्यासारखं दारोदारचं मिळालेलं असेल तर खातही नाहीत.

"घेतलं, बाई," मी म्हटलं. "पोटभर घेतलं."

तिचा चेहरा उजळला का, हे मला आठवत नाही. आठवतं ते असं, की तिनं पत्रावळ गोळा करून उकिरड्यावर टाकली, हात धुतले, सूप काखेत घेतलं आणि ती बाजाराच्या वाटेला लागली. चूल विझलेली होती, आणि केलं होतं तेवढं सगळं पत्रावळीवर गेलं होतं. जन्मभर मुक्या जनावरांच्या धन्यांना विचारत आलो, खाल्लं का, कधी खाल्लं, किती खाल्लं. तिला मात्र मी विचारलं नाही.